टिळकांचा संन्यास आणि लक्ष्मीबाईंची तृप्ती

कै. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचे नाव आपल्या व्यासपीठांवरून बहुधा एका प्रसंगासाठी घेतले जाते. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, ख्रिस्ती संन्यास पत्करला व ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. कीर्ती व काव्य ह्यांच्या पलीकडे गेलेला भक्त, असे त्यांचे चित्र आम्हीही प्रवचनांतून अनेकदा रेखाटले आहे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना मात्र ते आम्हांस अपुरे वाटू लागले.

टिळकांच्या त्यागाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पैसा त्यांच्या हाती कधी टिकलाच नाही. पण महत्त्वाकांक्षा सुटली, असे म्हणवत नाही. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एका बंधुत्वात गोवणारा दरबार! ह्या स्वप्नापुढे काव्यकीर्तीची हाव लहानच म्हणावयाची. आकांक्षेने वस्त्रे भगवी केली, ती निमाली नाही. ह्यात दोष आहे असे नव्हे; प्रेषित पौलाच्या ठायीही अखेरपर्यंत धाव दिसतेच. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले तेव्हा दरबार बाल्यावस्थेत होता आणि ‘ख्रिस्तायन’ महाकाव्याचे आरंभीचे अध्याय तेवढे लिहून झाले होते. ज्या दोन कार्यांत जीव ओतला ती दोन्ही अर्धी राहिली. मग जीवनही अर्धे राहिले काय? साहित्याचे टीकाकार धर्मकार्याने कवीचा घास घेतला म्हणून हळहळतात, आणि आम्ही धर्मगुरू त्याच गोष्टीचा गौरव करतो. दोघांचेही माप एकच: हातून काय घडले.

‘स्मृतिचित्रे’ हे माप बाजूस ठेवते. १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंच्या पायांखालची भूमी सरली. पुढील ताटातुटीची वर्षे त्यांनी ज्या पद्धतीने सांगितली आहेत, ती आम्हांस ह्या ग्रंथाची खरी थोरवी वाटते. दुःख झाकलेले नाही, पण त्याचे भांडवलही केलेले नाही. आपल्याच सोवळ्याओवळ्याच्या फजितीवर त्या हसतात, टिळकांच्या लहरींवरही हसतात, आणि त्या हसण्यात डंख नाही. ज्याला स्वतःविषयी काही सिद्ध करावयाचे उरलेले नाही, त्यालाच असे हसता येते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईंना ‘लेखिका’ होण्याची हौस होती, असे एकाही पानावरून दिसत नाही. (ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका भरीव नाही, हेही नमूद केले पाहिजे.)

‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुढे नेले. त्याचा बहुतेक भाग त्यांचा आहे. काव्य म्हणून तो त्यांच्या गद्याची उंची गाठत नाही, असे आमचे मत आहे. परंतु दुसऱ्याने आरंभिलेले कार्य, दुसऱ्याच्या नावाच्या छायेत, साठीच्या आसपास हाती घ्यावयाचे, ही निर्मितीची हौस नव्हे. १९३६ मध्ये त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले १९३८ मध्ये. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ आहे. ती घागर ग्रंथ छापून येण्यापूर्वीच भरलेली होती.

येथे एका धोक्याची जाणीव आम्हांस आहे. पतीने त्याग करावा, त्याचा भार पत्नीने वाहावा, आणि तिच्या शांतीचे आपण व्यासपीठावरून कौतुक करावे, हे सोयीचे धर्मज्ञान आहे. टिळक सर्वस्व देऊन मोकळे होत, तेव्हा चुलीवर काय शिजवावे हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे राही. तो त्यांनी निमूटपणे गिळला नाही. त्या रागावल्या, भांडल्या, टिळकांना त्यांनी तोंडावर सुनावले, आणि हे सारे लिहून ठेवले. संन्यासावरील आमच्या जुन्या प्रवचनात ही पाने नव्हती.