दुसरा पडदा कोणत्या दिशेचा? : संगणकीय विमानोड्डाणातील दर्शन, वाचन आणि अध्याहार

संगणकाच्या साहाय्याने विमानोड्डाणाची जी अनुकृती घरबसल्या करता येते, तिच्याकडे करमणुकीचे एक साधन म्हणून पाहण्याची रीत पडून गेली आहे. त्यामुळे ती जे दाखविते ते कोणत्या अर्थाने दाखविते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मेजावर एकच मॉनिटर असतो तोवर हा प्रश्न झाकलेलाच राहतो. कारण एकाच चौकटीला पर्याय नसतो. दुसरा मॉनिटर आणून ठेवला की मात्र निवड करणे भाग पडते. त्या दुसऱ्या पडद्यावर उपकरणे आणि नकाशे मांडावयाचे, की खिडकीबाहेरील जगाचाच आणखी एक भाग? प्रथमदर्शनी ही निव्वळ सोयीची बाब वाटते. वस्तुतः या अनुकृतीचे सारे अर्थकारण या निवडीवर अवलंबून आहे. आणि रूढ प्रघात ज्या बाजूला झुकलेला आहे ती बाजू, निदान दृष्टीच्या आधारे केल्या जाणाऱ्या उड्डाणापुरती तरी, चुकीची आहे असे दाखविता येण्यासारखे आहे.

तो प्रघात असा : समोरच्या पडद्यावर विमानाचा पुढचा भाग आणि त्यापलीकडील आकाश, तर बाजूच्या पडद्यावर उंचीमापक, वेगमापक, दिशादर्शक यांच्या तबकड्या आणि स्वतःच्या विमानाचे चिन्ह ज्यावर सरकत राहते असा नकाशा. आज्ञावली रचणाऱ्यांनीही या प्रघाताला खतपाणी घातले आहे. मायक्रोसॉफ्टच्या २०२० सालच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये उपकरणाची तबकडी मुख्य चित्रातून उचलून दुसऱ्या पडद्यावर ठेवण्याची सोय होती, परंतु बाहेरच्या जगाचे स्वतंत्र कोनातून घेतलेले दृश्य दुसऱ्या मॉनिटरवर दाखविण्याची सोय २०२२ सालापर्यंत नव्हती, आणि आली तीही प्रायोगिक म्हणून. ‘एक्स-प्लेन’ या बाबतीत अधिक उदार आहे. तेथे दुसऱ्या मॉनिटरला बाहेरचे दृश्य नेमून देता येते आणि ते किती अंश डावीउजवीकडे वळलेले असावे हेही ठरविता येते. ‘फ्लाइटगिअर’ या मुक्त आज्ञावलीत असे कॅमेरे साध्या मजकुराच्या धारिकेत लिहून द्यावे लागतात. ज्याला तेवढा खटाटोप सोसतो त्याला तेथे बरेच स्वातंत्र्य आहे.

दुसरा पडदा बाहेरच्या दृश्याला का देऊ नये, याचे एक कारण नेहमी पुढे केले जाते. दोन मॉनिटर शेजारीशेजारी ठेवले की त्यांच्या चौकटींची सांधणी नेमकी मध्यभागी येते आणि वैमानिकाला सर्वांत आवश्यक असलेली समोरची दिशाच झाकली जाते. हा आक्षेप बिनतोड आहे, आणि तो किती बिनतोड आहे हे आकड्यांनी पाहण्याजोगे आहे. दोन सेंटिमीटर रुंदीची सांधणी साठ सेंटिमीटरवरील डोळ्याला सुमारे २ अंशांचा कोन झाकते. एक सागरी मैल अंतरावरून ३० मीटर रुंदीची धावपट्टी पाहिली तर ती १ अंशाहूनही कमी कोन व्यापते. म्हणजे उतरावयाची धावपट्टी संपूर्णपणे त्या प्लॅस्टिकच्या पट्टीमागे जाते. परंतु हा आक्षेप दोन समान पडद्यांच्या समतोल मांडणीवर आहे, दुसऱ्या पडद्यावरील दृश्यावर नव्हे. एक मॉनिटर नाकासमोर आणि दुसरा डाव्या हाताला पाहणाऱ्याकडे वळवून ठेवला की सांधणी विमानाच्या पुढच्या काचेतील खांबाप्रमाणे बाजूला सरकते, आणि तेथे ती फारशी कोणाला खुपत नाही.

तेव्हा प्रश्न पुन्हा मूळ जागी येतो : दुसरा पडदा वाचावयाचा की पाहावयाचा? चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांची जी विभागणी केली, तिच्या भाषेत बोलावयाचे तर खिडकीबाहेरील क्षितिज हे सादृश्याने अर्थ देणारे चिन्ह आहे, तर उंचीमापकावरील आकडा संकेताने अर्थ देतो. पहिले दिसते, दुसरे वाचावे लागते आणि ते वाचावयास शिकावे लागते. एडविन लिंक यांनी १९२९ साली तयार केलेल्या शिक्षणयंत्रात केवळ वाचनच होते. ती झाकण लावलेली लाकडी पेटी. आतल्या विद्यार्थ्याला बाहेरचे काहीही दिसत नसे आणि दिसू नये हाच हेतू होता. टपालवाहतुकीच्या कामात वाईट हवेमुळे अनेक वैमानिक दगावल्यावर अमेरिकी सेनेने १९३४ साली अशी सहा यंत्रे घेतली, ती ढगांत शिरल्यावर उपकरणांवर विश्वास ठेवण्याची सवय लागावी म्हणून. दुसऱ्या पडद्यावर तबकड्या मांडणारा आजचा हौशी वैमानिक, त्याला ठाऊक असो वा नसो, लिंक यांच्या घराण्यातला आहे. उपकरणांच्या आधारे करावयाच्या उड्डाणाच्या सरावासाठी त्याची मांडणी निर्दोष आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती दृष्टी-उड्डाणाच्या बाबतीत. तेथे विमानाचा तोल क्षितिजावरून आणि जागा भूमीवरील खुणांवरून ठरवावयाची असते. उपकरणांकडे अधूनमधून कटाक्ष टाकावयाचा असतो, एवढेच. सरकत्या नकाशाने हा क्रम उलटा होतो. शिवाय त्यात एक व्याकरणिक बदलही घडतो, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. खिडकीतून पाहणारा वैमानिक ‘मी येथे आहे’ असे जाणतो. नकाशावरील चिन्हाकडे पाहणारा ‘ते विमान तेथे आहे’ असे जाणतो. प्रथम पुरुषाचा तृतीय पुरुष होतो. अशा सरावातून आलेले विद्यार्थी खऱ्या विमानात बसल्यावर बाहेर पाहण्याऐवजी तबकड्यांवर नजर खिळवून ठेवतात, ही उड्डाणशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ विद्यार्थ्यांच्या आळसात शोधण्यापेक्षा या पुरुषबदलात शोधणे अधिक सयुक्तिक होईल.

कार्ल ब्यूलर या भाषाशास्त्रज्ञाने १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात ‘येथे’, ‘आता’, ‘मी’ या दर्शक शब्दांचा उगमबिंदू बोलणाऱ्याच्या देहाशी जोडला. ‘डावीकडे’ या शब्दाला अर्थ आहे तो देहाला डावी बाजू आहे म्हणून. समोर नसलेल्या, कल्पनेतील वस्तूकडे निर्देश करताना काय होते याचाही विचार त्याने केला. आणि त्याचे दोन प्रमुख प्रकार सांगितले. एकात कल्पित वस्तू आपल्यापाशी आणली जाते, दुसऱ्यात आपण मनाने वस्तूपाशी जातो. एका मॉनिटरवरील उड्डाणात दांड्यावरची कळ दाबून जेव्हा डावीकडचे दृश्य मागविले जाते, तेव्हा पहिला प्रकार घडतो : डावी बाजू समोर आणली जाते. देह मात्र जागचा हलत नाही. डोळ्यांना समोर दिसणारी धावपट्टी मनाने डावीकडे मानावयाची, आणि ती मानीत असतानाच खरी समोरची दिशा पाहावयाची नाही, अशी ही दुहेरी कसरत आहे. मायक्रोसॉफ्टच्या १९८२ सालच्या पहिल्या आवृत्तीतील विमान शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभे असे. प्रत्यक्षातील तो विमानतळ २००३ साली बंद झाला. तेथे दक्षिणेकडे तोंड करून उतरण्यासाठी डावी फेरी घेतली की वैमानिक मिशिगन सरोवरावर असतो, आणि धावपट्टी व शहर ही दोन्ही त्याच्या डाव्या हाताला. ज्यांनी एका पडद्यावर ही फेरी पुरी केली त्यांनी ती पाहून केली असे म्हणण्यापेक्षा आठवून केली असे म्हणणे योग्य ठरेल.

डाव्या बाजूचा पडदा ‘डावीकडे’ या शब्दाला त्याचा देह परत देतो. पण किती डावीकडे? येथे खरी कसोटी आहे. २७ इंची मॉनिटरची रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर असते. तेवढ्याच अंतरावरून पाहिल्यास तो सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापतो. समोरचा पडदा म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजूंना साडेसव्वीस अंश. त्याला लागून, योग्य कोनात वळविलेला डावा पडदा ८० अंशांपर्यंत पोचतो. विमानतळाला फेरी घालताना धावपट्टीला समांतर पण उलट्या दिशेने जो टप्पा उडावयाचा, त्या डाऊनविंडवर धावपट्टी बरोबर ९० अंशांवर येते. म्हणजे दहा अंशांनी हुकते. म्हणून अनेकांना मोह होतो की डाव्या पडद्यावरील कॅमेरा ५३ अंशांऐवजी थेट ९० अंशांवर वळवावा. मग त्या पडद्यावर ६३ ते ११६ अंशांचा पट्टा दिसतो, डाऊनविंडवर धावपट्टी ऐन मध्यावर येते, आणि मांडणी साधल्यासारखी वाटते.

या मांडणीत समोरचे दृश्य आणि डावे दृश्य यांच्यामध्ये सुमारे ३७ अंशांचे जग गाळलेले असते. व्याकरणाच्या परिभाषेत हा अध्याहार होय. अध्याहार हा काही दोष नव्हे. वाक्यातील पद गाळले तरी ते संदर्भावरून निःसंशय परत मिळविता येत असेल तर वाक्य उलट घोटीव होते. मात्र गाळलेले पदच जर वाक्याचा अर्थ ठरविणारे असेल, तर वाक्य मोडते. आता हे ३७ अंश फेरीत कोठे येतात ते पाहावे. डाऊनविंडवरून धावपट्टीचे तोंड खांद्यामागे सुमारे ४५ अंशांवर गेले की डावे वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेला काटकोनात उडावयाचे. या टप्प्याला बेस म्हणतात. वळण संपते तेव्हा धावपट्टीचे तोंड नाकाच्या डावीकडे साधारण ४५ अंशांवर असते, म्हणजे नेमके गाळलेल्या पट्ट्यात. पुढे ते डाव्या पडद्यात येते. आणि शेवटचे वळण, फायनलचे, सुरू होताच पुन्हा नाहीसे होते. सेकंदाला ३ अंश हा वळण्याचा प्रमाण वेग धरला तर धावपट्टी बारा सेकंद कोठेच नसते.

बेसवरून फायनलकडचे हे वळण उड्डाणशिक्षणात धोक्याचे म्हणून प्रसिद्ध आहे. वळण उशिरा सुरू झाले की विमान धावपट्टीची रेषा ओलांडून जाते. मग ते ओढून आणण्यासाठी वैमानिक वळणाच्या बाजूचा रडर दाबतो, नाक वर खेचतो, आणि कमी वेगात, कमी उंचीवर विमान स्टॉल होऊन गिरकी घेते. त्यातून सावरण्याइतकी उंची उरलेली नसते. वळण केव्हा सुरू करावयाचे आणि किती तीव्र ठेवावयाचे, हे सारे त्या बारा सेकंदांत सरकणाऱ्या धावपट्टीवरून ठरते. ज्या मांडणीने तेवढेच गाळले तिने फेरीतील गौण विशेषण गाळले नाही, क्रियापद गाळले. मेजावर बसलेल्याला त्याची शिक्षा होत नाही, ही गोष्ट खरी. पण सवय मेजावरच लागते.

म्हणून सलग मांडणीच ग्राह्य धरली पाहिजे. डावा पडदा ५३ अंशांवर, त्याच्या खऱ्या जागी. डाऊनविंडवर धावपट्टी पाहण्यासाठी क्षणभर कळ दाबावी लागली तरी चालेल. त्या टप्प्यावर विमान सरळ उडत असते आणि उसना घेतलेला कटाक्ष परवडतो. बेसवर धावपट्टी ४५ अंशांपासून ८० अंशांपर्यंत डाव्या पडद्यात दिसत राहते आणि वळणात सांधणी ओलांडून समोर येते. दोन मॉनिटर जोडून त्यांवर एकच रुंद सपाट चित्र ताणण्याची युक्ती मात्र येथे चालणार नाही. तीत कडेच्या वस्तू ओढल्यासारख्या रुंदावतात आणि पडदे एकमेकांशी कोन करून ठेवले की क्षितिज सांध्यावर मोडते. प्रत्येक पडद्याला स्वतंत्र कॅमेरा हवा, आणि जग दोनदा रेखाटण्याचा भार चित्रफलकावर पडून चित्रांची गती मंदावते, ही त्याची किंमत होय.

इतके करूनही एकूण दृष्टिक्षेत्र १०६ अंशांचे होते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने व्यावसायिक शिक्षणयंत्रांच्या सी आणि डी या वरच्या दोन श्रेणींसाठी आडवे १७६ अंशांचे अखंड दृश्य आवश्यक मानले आहे; ए आणि बी या खालच्या श्रेणींना ४५ अंश पुरतात. मेजावरील एक मॉनिटर या खालच्या श्रेणींपेक्षा थोडे अधिकच दाखवितो, दोन मिळून वरच्या श्रेणीच्या पुष्कळ अलीकडे थांबतात. तिसरा पडदा उजवीकडे ठेवण्याची सूचना येथे साहजिकच होईल. परंतु ज्याच्यापाशी दोनच आहेत त्याने समतोलाच्या लोभाने मधल्या सांध्याकडे परतू नये. फेरी डावी असते आणि विमानाचा चालक डाव्या आसनावर बसतो, म्हणून पडदा डावीकडे. ज्या विमानतळांवर डोंगर वा वस्ती टाळण्यासाठी उजवी फेरी ठरवून दिलेली आहे तेथे हीच मांडणी उलटी करावी लागते, आणि हेलिकॉप्टरचा चालक बहुधा उजव्या आसनावर बसत असल्याने त्याचा दुसरा पडदा पहिल्यापासूनच उजवीकडे ठेवणे बरे.