‘रेट्सहावेरिस्ट’ : एक शब्द आणि एक निवाडा

स्वीडिश भाषेत ‘रेट्सहावेरिस्ट’ असा एक शब्द आहे. आपल्यावर अन्याय झाला या जाणिवेने ज्याला पुरते झपाटले आहे, जो अर्जामागून अर्ज करीत राहतो आणि निकाल विरुद्ध गेला की न्यायाधीशाविरुद्धच तक्रार गुदरतो, अशा माणसाला तो लावला जातो. ‘माझेच खरे’ म्हणणाऱ्याला जर्मनमध्ये ‘रेख्टहाबर’ म्हणतात. त्या शब्दाशी याचे नाते आहे. शिवाय स्वीडिशमध्ये ‘हावेरिस्ट’ म्हणजे फुटलेले जहाज. त्यामुळे हक्काच्या खडकावर आपटून फुटलेला माणूस, अशी एक करुण प्रतिमाही त्यातून डोकावते.

इंग्रजी अनुवादकाची पंचाईत येथेच सुरू होते. ‘क्वेरुलंट’ या शब्दाला मनोरुग्णालयाचा वास येतो. ‘व्हेक्सेशस लिटिगंट’ ही कायद्याची संज्ञा. अशा दावेखोरांना आवर घालणारा कायदा इंग्लंडमध्ये १८९६ साली आणि आपल्या महाराष्ट्रात १९७१ साली झाला; परंतु कथेतील शेजारी काही कायद्याच्या भाषेत बोलत नाहीत. ‘क्रँक’ म्हणावे तर हक्काचा मुद्दा गळून केवळ विक्षिप्तपणा उरतो. आपला ‘कज्जेदलाल’ जवळचा वाटतो खरा, पण त्याला भांडणातच गोडी असते. रेट्सहावेरिस्टला न्याय हवा असतो.

साहित्याने या माणसाला फार पूर्वी ओळखले आहे. हाइन्रिख फॉन क्लाइस्ट यांच्या १८१० सालच्या दीर्घकथेतील मिखाएल कोलहास हा घोड्यांचा व्यापारी. एका सरदाराने त्याचे दोन घोडे अडकवून राबवून मरतुकडे केले. न्यायालयाने दाद दिली नाही. तेव्हा त्याने शहरे पेटविली. अखेरीस घोडे धष्टपुष्ट होऊन परत मिळतात आणि त्याचा शिरच्छेदही होतो. त्याचा हक्क खरा होता आणि त्याचा अपराधही खरा होता.

फ्रेड्रिक बाकमन यांच्या २०१२ सालच्या स्वीडिश कादंबरीतील ओवे हा त्याच कुळातला, सौम्य भाऊबंद. वसाहतीत सकाळची फेरी मारून तो नियमभंग हुडकतो, शेजारी वैतागतात. परंतु स्पेनमधील बस अपघाताने त्याच्या पत्नीचे पाय गेले, तेव्हा त्याने सरकारी कचेऱ्यांना पत्रांवर पत्रे लिहिली आणि कोणीही जबाबदारी घेतली नाही. शाळेत तिच्या चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधावयासही कोणी पुढे झाले नाही. ती त्याने एका रात्रीत स्वतः बांधली. ज्या स्वभावाने शेजाऱ्यांना छळले त्याच स्वभावाने ती उतरण बांधली, हे बाकमन उपदेश न करता दाखवितात. पुढे सारे थोडे अधिक गोड होते, हा कादंबरीचा उणेपणा. क्लाइस्टची कठोरता तिच्यात नाही.

हा शब्द कोणी स्वतःस लावीत नाही. तो नेहमी दुसऱ्याने लावावयाचा असतो. तो एकदा लागला की तक्रार खरी की खोटी, हे तपासण्याची गरजच उरत नाही. म्हणून अनुवादकाने अर्थाआधी पाहावे ते हे, की शब्द कोणाच्या तोंडी आहे. कचेरीतील अधिकाऱ्याच्या तोंडी कायद्याची कोरडी संज्ञा शोभेल, शेजाऱ्याच्या तोंडी साधी त्रासिक शिवी. निवेदकाने मात्र एका शब्दाऐवजी एक वाक्य खर्चावे: हा माणूस बरोबर असेलही, परंतु बरोबर असण्यापायी त्याचे सारे आयुष्य गेले. अनुवादात एवढी जागा राहिली, तर वाचकाला स्वतः निवाडा करण्यापूर्वी क्षणभर थांबता येईल.