‘आम्ही’ आणि ‘आपण’ : फिलिपिनो समाजविद्येची कसोटी

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये दोहोंसाठी एकच. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. तागालोग भाषेत हाच भेद ‘कामी’ आणि ‘तायो’ असा आहे. फिलिपिन्समधल्या समाजविद्यांच्या देशीकरणाची चळवळ या भेदावरून समजून घेता येते. तिची कसोटीही मला यातच दिसते.

इतिहासकार झ्यूस सालाझार यांनी आपल्या भूमिकेला ‘पांतायोंग पानानाव’ म्हटले. म्हणजे ‘तायो’ची, ‘आपण’ची दृष्टी. स्पेनच्या राजवटीतले सुशिक्षित फिलिपिनो स्पॅनिशमध्ये लिहीत आणि राज्यकर्त्यांना उत्तर देत. होसे रिसाल यांचा फिलिपिनोंच्या आळसावरचा १८९०चा प्रसिद्ध निबंध असाच आहे. आळस आहे, पण तो राजवटीने आणला, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. तरी प्रश्न स्पॅनिशांनी विचारलेला आणि उत्तरही त्यांच्यासाठी. ही ‘कामी’ची भाषा.

१८९८मध्ये स्पेन जाऊन अमेरिका आली, तिच्यामागून इंग्रजी शाळा आल्या, १९०८मध्ये विद्यापीठ आले. स्वातंत्र्यानंतरही पाठ्यपुस्तके आणि मानसशास्त्रीय चाचण्या अमेरिकेच्याच राहिल्या. १९६०च्या सुमारास फ्रँक लिंच या अमेरिकन जेझुइट अभ्यासकाने फिलिपिनो मूल्यांची मांडणी केली. सलोख्याने वागणे, म्हणजे ‘पाकिकिसामा’, याला त्यात मोठे स्थान होते. लिंच यांचा अभ्यास कळकळीचा होता. पण त्यातून उभा राहिलेला माणूस वाद टाळणारा, जमवून घेणारा होता. असा माणूस कोणत्याही मालकाला सोयीचा.

अमेरिकेत डॉक्टरेट करून १९७१मध्ये परतलेल्या विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी या चित्रालाच हात घातला. त्यांच्या ‘सिकोलोहियांग पिलिपिनो’ची पहिली राष्ट्रीय परिषद १९७५मध्ये भरली. त्यांचे म्हणणे असे : तागालोगमध्ये माणसांच्या परस्परव्यवहाराच्या आठ पायऱ्या सांगता येतात. नुसत्या सभ्यपणापासून सुरुवात होते आणि शेवटी ‘पाकिकिइसा’, म्हणजे एकरूप होणे. यात पाकिकिसामा पाचवी, आणि पहिल्या पाचही पायऱ्या परक्या माणसाशी वागण्याच्या! अभ्यासक उंबऱ्यापर्यंत पोचला आणि त्यालाच घर समजला. शिवाय सलोख्याच्या मूल्यांबरोबर झुंजीची मूल्येही होती. ‘पाकिकिबाका’, म्हणजे लढा, हे त्यांतलेच. दोहोंच्या मुळाशी एन्रिकेझ यांनी ‘काप्वा’ ठेवला. या शब्दाचे इंग्रजी भाषांतर ‘दुसरे लोक’ असे होते. पण काप्वामध्ये मी आणि दुसरा एकत्र असतात.

‘बाहाला ना’ या बोलीतल्या उद्गाराचेही तेच झाले होते. ‘होईल ते होवो’ असा अर्थ लावून तो दैववादाचा पुरावा ठरवला गेला. आल्फ्रेदो लागमाय यांनी दाखवले, की अनिश्चित प्रसंगात उडी घेताना माणूस स्वतःला धीर देण्यासाठी तो उच्चारतो. आळस आणि दैववाद ही परक्याने केलेली निदाने शब्दांच्या वापराकडे पाहिले की टिकत नाहीत, हे या चळवळीचे पक्के यश.

माझे आक्षेप यापुढे सुरू होतात. पहिला, ‘आपण’मध्ये कोण? शंभराहून अधिक भाषांच्या या देशात चळवळीचे शब्द बहुतांशी तागालोग, म्हणजे मनिला आणि आसपासच्या मुलखाचे. सेबुआनो बोलणाऱ्याला किंवा मिंदानावमधल्या मुसलमानाला हे ‘आपण’ राजधानीचे ‘आम्ही’ वाटले, तर दोष त्याचा नाही. दुसरा, काप्वाला इतिहास दिलेला नाही. उसाच्या मळ्याचा मालक आणि त्याचा मजूर हेही एकमेकांचे काप्वा काय? ‘ऊतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणाचे ऋण, हे जमीनदाराच्या हाती गेले की पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे बनते. मूल्यांची यादी दुरुस्त केल्याने ते सुटत नाही. ‘फिलिपिनो माणूस असा असतो’ या वाक्यातला कर्ता बदलला नाही, फक्त विशेषणे बदलली. तिसरा, एन्रिकेझ यांचा बाहेरच्या जगात वाचला जाणारा १९९२चा ग्रंथ इंग्रजीत आहे. जगाला समजावणे गैर नव्हे, पण ते पुन्हा ‘कामी’च.

तरीही चळवळीने दिलेली एक गोष्ट मला तिच्या सिद्धान्तांहून मोठी वाटते : संशोधनाची पद्धत. ‘पागतातानोंग-तानोंग’ म्हणजे विचारत विचारत फिरणे. यात छापील प्रश्नावली नाही. समोरचाही प्रश्न विचारतो आणि संशोधकाला उत्तर द्यावे लागते. नाते ज्या पायरीवर, त्याच प्रतीची माहिती मिळणार, हे येथे गृहीत आहे. परक्याला परक्यापुरतेच सांगितले जाते. हे मनिलाच्या प्राध्यापकालाही लागू आहे आणि म्हणूनच ही पद्धत चळवळीच्या मर्यादा ओलांडते. सेबूतल्या कोळ्याकडे किंवा मळ्यातल्या मजुराकडे ती प्रामाणिकपणे नेली, तर पहिला प्रश्न तोच विचारेल : तुमच्या ‘आपण’मध्ये मी आहे का? देशी समाजविद्या त्याच्या उत्तरापासून सुरू होते. परदेशी ग्रंथ कपाटातून काढून टाकणे हे त्यामानाने सोपे काम आहे.