वेग मोजला, पण प्रवाह मोजला का?

रक्तवाहिनीच्या आत शिरून श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने रक्ताची गती टिपणाऱ्या संवेदकांविषयी लिहिताना एक वाक्य ठरल्यासारखे येते: 'या उपकरणाने रक्तप्रवाह अचूक मोजता येतो.' वाक्य सुटसुटीत आहे. परंतु त्यातील 'रक्तप्रवाह' आणि 'अचूक' हे दोन्ही शब्द तपासून घ्यायला हवेत, असे आम्हांला वाटते. हा केवळ शब्दांचा कीस नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रोहिणीत अडथळा असेल, तर तेथे स्टेंट बसवायचा की औषधांवर भागवायचे, हा निर्णय अशा मोजमापांच्या आधारे घेतला जातो. आकडा कशाचा आहे हे नीट कळले नाही, तर निर्णयही चुकू शकतो.

प्रथम उपकरण समजून घेऊ. मांडीतील किंवा मनगटातील रोहिणीतून एक लांब, लवचीक नळी (कॅथेटर) हृदयापर्यंत नेतात आणि तिच्यातून एक बारीक तार करोनरी रोहिणीत पुढे सरकवतात. तारेच्या टोकावर दाबविद्युत गुणधर्माचा एक इवलासा स्फटिक असतो. विजेचा स्पंद दिला की तो कंप पावतो आणि ध्वनी सोडतो. परतलेला ध्वनी त्यावर आदळला की वीज निर्माण होते. म्हणजे तोंड आणि कान एकच. १९९२ साली ज्या तारेच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तिची जाडी ०.४६ मिलिमीटर होती आणि तिचा स्फटिक सेकंदाला १ कोटी २० लाख कंपने करत असे. तारेच्या टोकापुढे सुमारे ५ मिलिमीटरवर असलेल्या रक्ताचीच नोंद ती घेई. हे कसे साधते? ध्वनी रक्तात सेकंदाला सुमारे १,५७० मीटर धावतो. ५ मिलिमीटर जाऊन तेवढेच परत यायला त्याला ६.४ मायक्रोसेकंद लागतात. स्पंद सोडल्यानंतर नेमक्या तेवढ्या वेळाने 'कान' उघडला, की हवा तोच पट्टा ऐकू येतो. तारेच्या टोकाजवळच रक्ताची घडी विसकटलेली असते, म्हणून थोडे पुढचे रक्त निवडायचे.

येथे डॉप्लर परिणाम सांगताना रेल्वेच्या शिट्टीचा दाखला देण्याची पद्धत आहे. त्याविषयी आमची पहिली तक्रार. क्रिस्टिआन डॉप्लरने १८४२ साली मांडलेले तत्त्व कळायला शिट्टी उत्तम. पण रक्ताच्या बाबतीत ती अर्धवट ठरते. तांबडी पेशी शिट्टी वाजवत नाही. ती आधी धावणारा श्रोता असते आणि मग धावणारा ध्वनिस्रोत होते. त्यामुळे वारंवारिता दोनदा बदलते आणि सूत्रात २ हा गुणक येतो. शिट्टीच्या दाखल्यावर थांबलेल्या विद्यार्थ्याला हा २ कोठून आला ते कधीच उमगत नाही. तो सूत्र पाठ करतो.

सूत्र असे: वारंवारितेतील फरक = २ × पाठवलेली वारंवारिता × रक्ताचा वेग × कोनाचा कोसाइन ÷ ध्वनीचा वेग. रक्त सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने तारेच्या रेषेतच धावत आहे असे धरून आकडे घाला. फरक सुमारे ४,६०० हर्ट्झ येतो. पाठवलेला ध्वनी माणसाच्या कानापलीकडचा, पण फरक मात्र कानाच्या टापूत! म्हणून हे यंत्र ध्वनिवर्धकाला जोडले की ठोक्यागणिक येणारी रक्ताची सळसळ खरोखर ऐकू येते. आणखी एक गंमत विद्यार्थ्यांना विचारण्याजोगी आहे. तार प्रवाहाच्या दिशेने पुढे सरकवलेली असते. मग तिच्या बाजूने पुढे गेलेले रक्त तिच्यापासून दूर जाते की जवळ येते? अर्थात दूर, म्हणजे परतणारी वारंवारिता मूळ वारंवारितेपेक्षा कमी असते.

आता मुख्य मुद्दा. वरील सूत्रातून मिळाला तो वेग. प्रवाह म्हणजे दर सेकंदाला किंवा मिनिटाला किती घनमान रक्त गेले ते. पावसाळ्यात धरणातून सोडलेले पाणी वर्तमानपत्रे क्युसेकमध्ये सांगतात, म्हणजे सेकंदाला किती घनफूट हे सांगतात. नदी ताशी किती मैल धावते हे सांगून काठच्या गावांना पुराची कल्पना येणार नाही. मग रक्ताच्या बाबतीत आपण वेगालाच प्रवाह का म्हणतो?

ज्यांच्या शाळेजवळ शेताचा पाट किंवा ओढा आहे, त्यांना हा फरक तासाभरात दाखवता येईल. दहा मीटर अंतर आखून पाटात एक पान सोडावे आणि घड्याळावर वेळ घ्यावी. वेग मिळाला. त्याला पाण्याची सरासरी रुंदी आणि खोली यांनी गुणले की प्रवाह मिळेल असे मुले म्हणतील. पण पान वरच्या पाण्यावर तरंगते, आणि तळाला व काठाला घासणारे पाणी संथ असते. म्हणून पाणी मोजणारे लोक पानाच्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढतात. रक्तवाहिनीतील तार पानाचेच काम करते. फरक इतकाच, की पाट आपल्याला दिसतो आणि रोहिणी आतून दिसत नाही.

वेगापासून प्रवाहाकडे जाताना तीन गोष्टी गृहीत धराव्या लागतात. पहिली, कोन. ध्वनीचा झोत आणि रक्ताची दिशा यांत २० अंशांचा कोन असेल, तर कोसाइन ०.९४ येतो, म्हणजे वेग फक्त ६ टक्के कमी दिसतो. याउलट, त्वचेवर संवेदक टेकवून मोजताना कोन अनेकदा ६० अंशांच्या आसपास असतो. तेथे कोन ६० समजला आणि प्रत्यक्षात ६५ असला, तर तेवढ्यानेच १५ टक्के चूक होते. आतून, प्रवाहाच्या रेषेत मोजण्याचा खरा फायदा हा आहे. त्याचे श्रेय या उपकरणाला द्यायलाच हवे.

दुसरी, वेगाची वाटणी. सरळ नळीत संथ, थरांनी वाहणारा द्रव मध्यभागी सर्वांत वेगवान आणि कडेला जवळजवळ स्थिर असतो. अशा वेळी सरासरी वेग मध्यभागच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. तार नोंदवते तो सर्वाधिक वेग. म्हणून प्रवाह काढताना त्याला ०.५ ने गुणतात. पण करोनरी रोहिणी हृदयावर वळणे घेत जाते, तिला फाटे फुटतात, आणि रक्त ठोक्याठोक्याने वाहते. वळणावर वेगाचे शिखर एका कडेला सरकते. तारेचे टोक शिखरासमोर आहे की भिंतीला टेकले आहे, हे तारेला ठाऊक नसते. हा ०.५ नळीच्या प्रयोगातून आलेला आहे, रुग्णाच्या रोहिणीतून नव्हे.

तिसरी, काटछेदाचे क्षेत्रफळ. समजा, रोहिणीचा व्यास ३ मिलिमीटर आहे आणि सर्वाधिक वेगाची सरासरी सेकंदाला २० सेंटिमीटर आहे. सरासरी वेग १० सेंटिमीटर, क्षेत्रफळ ०.०७०७ चौरस सेंटिमीटर. प्रवाह मिनिटाला सुमारे ४२ मिलिलिटर. आता व्यास चुकून २.७ मिलिमीटर मोजला गेला, तर प्रवाह येतो सुमारे ३४. क्ष-किरण चित्रावरील ०.३ मिलिमीटरची चूक प्रवाहाच्या आकड्यात १९ टक्क्यांची होते, कारण व्यासाचा वर्ग होतो. तारेने कितीही नेमका वेग दिला, तरी ही चूक ती भरून काढू शकत नाही.

याशिवाय मोजणाऱ्याने वाट अडवण्याचा प्रश्न आहेच. १९८५ साली अमेरिकेतील आयोवा येथील संशोधकांनी वापरलेले कॅथेटर सुमारे १ मिलिमीटर जाडीचे होते. ३ मिलिमीटरच्या रोहिणीत ते नवव्या भागाची, म्हणजे ११ टक्के जागा घेते. पण अडथळ्याच्या जागी १.२ मिलिमीटरचीच वाट उरली असेल, तर तिचा ६९ टक्के भाग ते व्यापील. पुढे आलेली ०.३६ मिलिमीटरची तार त्याच वाटेत ९ टक्केच जागा घेते. संवेदक बारीक करण्यासाठी एवढा खटाटोप का झाला, हे या एका हिशेबातून मुलांना कळेल.

मग हे सारे मोजमाप कुचकामी म्हणायचे का? मुळीच नाही. कोन, ०.५ हा गुणक आणि क्षेत्रफळ यांची अडचण संशोधकांना पुरती ठाऊक होती, आणि त्यांनी तिच्यावर काढलेला तोडगा आम्हांला या विषयातील सर्वांत शिकण्याजोगा भाग वाटतो. त्यांनी प्रवाह मोजण्याचा आग्रहच सोडला आणि गुणोत्तर घेतले. विश्रांतीच्या अवस्थेतील वेग मोजायचा. मग अ‍ॅडिनोसिनसारखे औषध देऊन हृदयातील सूक्ष्म वाहिन्या पूर्ण उघडायच्या आणि पुन्हा वेग मोजायचा. दोन वेगांचा भागाकार केला की कोन, गुणक आणि क्षेत्रफळ अंशातही येतात आणि छेदातही. ते बदलले नसतील, तर उडून जातात. क्षेत्रफळ बदलू नये म्हणून मोठी रोहिणी आधीच नायट्रोग्लिसरीनने सैल करून घेतात. या गुणोत्तराला प्रवाहाची राखीव क्षमता म्हणतात. ते साधारणतः २ च्या खाली गेले की अडथळ्याचा संशय येतो.

या गुणोत्तरामागची कल्पना गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून पुढे आणली. रोहिणीचा व्यास सुमारे ८५ टक्के आवळला जाईपर्यंत विश्रांतीचा प्रवाह कमी होत नाही. पण जास्तीत जास्त प्रवाह मात्र ३० ते ४५ टक्के आवळल्यावरच घटू लागतो, असे त्यांना आढळले. १९८४ साली आयोवाच्याच गटाने शस्त्रक्रियेच्या वेळी ३९ रुग्णांच्या रोहिण्यांवर बाहेरून डॉप्लर संवेदक टेकवून पाहिले. अँजिओग्राफीच्या चित्रावरून डोळ्यांनी ठरवलेली अडथळ्याची टक्केवारी आणि प्रत्यक्ष राखीव क्षमता यांचा मेळ बसत नाही, असे दिसले. चित्रात अरुंद दिसणारी रोहिणी कधी पुरेसे रक्त पुरवत होती, तर कधी बरी दिसणारी कमी पडत होती. आमच्या मते या संवेदकांची सर्वांत मोठी कामगिरी हीच: डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रावरचा आंधळा विश्वास त्यांनी हलवला.

गुणोत्तराचीही किंमत मोजावी लागते. समजा, एका रुग्णाचा वेग १५ वरून ४५ वर गेला, गुणोत्तर ३. त्याच रुग्णाला ताप आला, हृदय जोरात धडधडू लागले आणि विश्रांतीचा वेग २५ झाला. कमाल ४५ च राहिली. गुणोत्तर १.८! अडथळा तिळभरही वाढलेला नाही. तसेच मधुमेहात किंवा जुन्या रक्तदाबात सूक्ष्म वाहिन्याच बिघडल्या असतील, तरी गुणोत्तर घसरते. मोठ्या रोहिणीचा दोष आणि सूक्ष्म वाहिन्यांचा दोष हा आकडा एकटा वेगळे करू शकत नाही.

त्यामुळे १९९० च्या दशकात पाइल्स व डी ब्रुइन यांनी पुढे आणलेली दाबाची पद्धत रुग्णालयांत अधिक रुळली. तिच्यात तारेच्या टोकाशी दाबाचा संवेदक असतो. अडथळ्यापलीकडचा दाब भागिले महारोहिणीतील दाब, असे गुणोत्तर औषधाने वाहिन्या उघडून काढतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' चाचणीत १,००५ रुग्ण होते. केवळ चित्र पाहून उपचार केलेल्यांना सरासरी २.७ आणि दाब मोजून उपचार केलेल्यांना १.९ स्टेंट बसले. वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा करावी लागलेली प्रक्रिया यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के, तर दुसऱ्यात १३.२ टक्के राहिले. स्टेंट कमी आणि परिणाम चांगला! मात्र येथेही प्रवाह कोणी मोजलेला नाही. रोध किमान आणि स्थिर आहे असे धरून दाबावरून त्याचा अंदाज केला आहे. दोन्ही तारा आपापल्या जागी उपयुक्त आहेत, आणि दोन्हींच्या आकड्यांमागे काहीतरी गृहीत आहे.

शिक्षकांना आमची सूचना साधी आहे. हा विषय वर्गात घेताना फळ्यावर दोन रकाने आखावेत: 'प्रत्यक्ष मोजले' आणि 'धरून चाललो'. पहिल्या रकान्यात वारंवारितेतील फरक आणि वेळ, एवढेच येईल. ध्वनीचा वेग, कोन, ०.५ आणि व्यास हे सारे दुसऱ्यात जाईल. मग मुलांना विचारावे की दुसऱ्या रकान्यातील कोणती गोष्ट १० टक्क्यांनी चुकली तर उत्तर सर्वांत जास्त बिघडेल. व्यासाचे उत्तर गणित करणारी मुले लगेच काढतील. हेच दोन रकाने थर्मामीटर, पर्जन्यमापक किंवा विजेचा मीटर यांसाठीही आखता येतील, आणि तेथे कोणत्या रकान्यात काय जाते यावर वर्गात चांगला वाद होईल. तो होऊ द्यावा.