त्रिनाट्यधारा

एकाच कथासूत्राने बांधलेल्या तीन नाटकांची मालिका. यांतील प्रत्येक नाटक स्वतःपुरते पूर्ण असते. तथापि त्याचा पुरता अर्थ उरलेल्या दोन नाटकांच्या सान्निध्यातच उलगडतो. हा नाट्यप्रकार प्राचीन अथेन्समध्ये उदयास आला. मराठीत त्याचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे महेश एलकुंचवार (जन्म १९३९) यांची वाडा चिरेबंदी, मग्न तळ्याकाठी आणि युगान्त ही तीन नाटके होत. एलकुंचवारांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथला. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे जिल्हे मिळून होणाऱ्या जुन्या वऱ्हाडातील वाडासंस्कृती हा या नाटकांचा विषय आहे. एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा ऱ्हास त्यांत असल्याने ग्रीक शोकात्मिकेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. परंतु हे साम्य कोठवर पोहोचते आणि कोठे संपते, हे पारखून घेणे आवश्यक ठरते.

अथेन्समध्ये डायोनायसस या देवतेच्या वसंतोत्सवात नाट्यस्पर्धा होत. प्रत्येक शोकात्मिकाकाराला तीन शोकात्मिका व एक सॅटर नाट्य असा चार नाटकांचा संच सादर करावा लागे. ही तीन नाटके एकाच कथेची असावीत, असा नियम नव्हता. एस्किलसने मात्र त्यांना एका कथासूत्रात गुंफण्याची पद्धत आपलीशी केली. त्याच्या अशा मालिकांपैकी केवळ ओरेस्टिया (इ. स. पू. ४५८) ही संपूर्ण उपलब्ध आहे, तिच्यासोबतचे प्रोटिअस हे सॅटर नाट्य नष्ट झाले. सॉफोक्लीझच्या ईडिपस घराण्यावरील तीन नाटकांचा उल्लेख कित्येकदा त्रिनाट्यधारा म्हणून केला जातो, तो चुकीचा आहे. ती नाटके निरनिराळ्या काळी लिहिली गेली आणि त्यांतील कोलोनस येथील ईडिपस हे तर नाटककाराच्या मृत्यूनंतर इ. स. पू. ४०१ मध्ये रंगभूमीवर आले.

ओरेस्टियाच्या मुळाशी एट्रिअसच्या घराण्याची पुराणकथा आहे. एट्रिअसने आपल्या भावाला, थायेस्टीझला, त्याच्याच मुलांचे मांस खाऊ घातले. एट्रिअसचा पुत्र ॲगमेम्नॉन याने ट्रॉयच्या स्वारीसाठी अनुकूल वारा मिळावा म्हणून स्वतःच्या मुलीचा, इफिजिनायाचा, बळी दिला. पहिल्या नाटकाचा पडदा (अथेन्सच्या रंगमंचाला पडदा नव्हता, हा केवळ मराठी वाक्प्रचार) वर जातो, तेव्हा ही दोन्ही पातके घडून गेलेली असतात. राजवाड्याच्या छपरावर पहारेकरी बसला आहे. घराला वाचा फुटली तर ते सारे सांगेल, अशा आशयाचे तो बोलतो आणि गप्प होतो. विजयी राजा जांभळ्या वस्त्रांवरून चालत आत जातो व त्याची राणी क्लायटम्नेस्ट्रा त्याचा वध करते. दुसऱ्या नाटकात पुत्र ऑरेस्टीझ मातेला ठार मारतो. तिसऱ्यात सूडदेवता त्याचा पाठलाग करतात. अखेर अथीना देवी नागरिकांचे न्यायासन बसवते, मते समसमान पडतात व ऑरेस्टीझ सुटतो. ज्या अरिओपॅगस मंडळाचे अधिकार अथेन्समध्ये नुकतेच, इ. स. पू. ४६२–६१ मध्ये, कमी करण्यात आले होते, त्याच मंडळाची दैवी उत्पत्ती एस्किलस येथे दाखवतो. पुराणकथा प्राचीन असली, तरी तिचा शेवट प्रेक्षकांच्या वर्तमानाला येऊन भिडतो.

शोकात्मिका पुराणकथेवरच का उभारली गेली, याचे एक कारण हिरॉडोटसने नोंदविलेल्या घटनेत सापडते. फ्रिनिकसने इराण्यांनी मायलीटस शहर जिंकल्याच्या ताज्या घटनेवर नाटक केले, तेव्हा प्रेक्षागृह रडू लागले आणि स्वजनांच्या दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल नाटककाराला एक हजार द्राख्मा दंड झाला. पुराणकथेमुळे दुःख पाहता येण्याजोगे अंतर लाभते. शिवाय शेवट ठाऊक असल्याने प्रेक्षकाचे लक्ष ‘काय होणार’ यावरून ‘कसे व का होणार’ याकडे वळते. उत्तम शोकात्मिका मोजक्याच घराण्यांविषयी रचल्या जातात, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे; तथापि त्यानेच ॲगाथॉनच्या संपूर्ण कल्पित कथानकाच्या नाटकाचा दाखला देऊन पुराणकथेला चिकटून राहण्याची सक्ती नाही, असेही स्पष्ट केले. 

वाडा चिरेबंदी (प्रथम प्रयोग १९८५, दिग्दर्शन विजया मेहता) हे नाटक धरणगावच्या देशपांडे कुटुंबात कर्त्या पुरुषाच्या, तात्याजींच्या, निधनानंतर सुरू होते. थोरला भास्कर गावीच राहिलेला, धाकटा सुधीर मुंबईहून आलेला. तेरवीचे गावजेवण घराण्याच्या इतमामाला साजेसे व्हावे, हा हट्ट आणि ते घालायला पैसा नाही, ही वस्तुस्थिती, यांतून नाटक पुढे सरकते. या परिस्थितीला ऐतिहासिक पार्श्वभूमी आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला व पुढे रयतवारी पद्धत आली, तेव्हा देशमुख-देशपांडे या वतनदारांचे परगण्यातील काम संपले. जमीन व मान मात्र राहिला. विदर्भासाठी १९५८ मध्ये झालेल्या कूळकायद्याने आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने जमिनीलाही कात्री लागली. उरला तो मान, आणि तो ठेवण्यासाठी वाडा.

ग्रीक रंगमंचावर राजवाड्याचे दार हे सर्व भीषणतेचे उगमस्थान असते. हत्या आत होते, बाहेर येते ते शव. एलकुंचवारांचा वाडा याच जातीचा आहे. अंगणात गंजणारा ट्रॅक्टर, घरातले दागिने, मुलगा गेल्याचे भान नसलेली अंथरुणाला खिळलेली दादी, ही सारी मागच्या पातकांची दृश्य बाकी होय. परंतु एट्रिअसच्या घराचे पातक रक्ताचे आहे, तर देशपांड्यांचे पातक वरवर क्षुल्लक: हुशार प्रभाचे शिक्षण थांबवले, चंदूला घरगड्यासारखे राबवले. या क्षुल्लकतेमुळे नाटक उणे ठरत नाही. शाप देणारा देव नसताना शाप कसा चालत राहतो, हे दाखविणे अधिक अवघड आहे आणि तेथेच या नाटकाचे बळ आहे.

समूहगानाचा अभाव हा दुसरा मोठा भेद. एस्किलसचे नगरवृद्ध रंगमंचावर येऊन पात्रांना प्रश्न करतात. धरणगाव मात्र कधीच आत येत नाही. तरीही भास्करचे सर्व निर्णय ‘गाव काय म्हणेल’ या अदृश्य समूहाच्या धाकाने होतात. समूहगान वगळूनही त्याची सत्ता कायम ठेवण्याची ही योजना मार्मिक म्हणावी लागेल.

वऱ्हाडाला स्वतःची पुराणकथा नाही, असे नव्हे. अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडिण्यपूर ही भीष्मक राजाची राजधानी मानली जाते. रुक्मिणीचे हरण अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून झाले, अशी परंपरा आहे. पराभूत भाऊ रुक्मी लज्जेने राजधानीत परतला नाही. भास्करची मुलगी रंजू दागिने घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते, तेव्हा या कथेचे विडंबित प्रतिबिंब जाणवते. नाटककाराने हे साम्य योजले होते, असे म्हणण्यास आधार नाही. पण ज्या प्रदेशाची मूळ कथाच घरातून निघून गेलेल्या मुलीची आहे, तेथील प्रेक्षकाला ते जाणवल्यास नवल नाही.

पुढील दोन नाटकांचा दर्जा मात्र सारखा नाही. मग्न तळ्याकाठीमध्ये पुढच्या पिढीतील पराग व अभय यांचे नाते वाड्याच्या मोडतोडीइतकेच जिवंत आहे. युगान्तमध्ये दुष्काळाने उजाड झालेल्या गावात परदेशातून परतलेला अभय व पराग यांच्या संभाषणावर भर पडतो आणि घटना मागे सरते. ओरेस्टियाचा शेवटही वादविवादाचाच आहे. पण तेथे मते मोजली जातात व निकाल लागतो. येथे न्यायासन बसवणारी देवी नाही, हे नाटककाराचे प्रामाणिक निदान असले, तरी त्याचा भार संवादांवर पडलेला दिसतो. तिन्ही नाटके सलगपणे १९९४ मध्ये ‘आविष्कार’ या संस्थेने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सादर केली. एका बैठकीत ती पाहताना युगान्तमधील ओसाडपणाला पहिल्या नाटकातील भरल्या घराची पार्श्वभूमी मिळते आणि सुटे वाचताना जाणवणारी ही उणीव बरीच भरून निघते.