दात घासायला ५१ वर्षं

दोन पुरुष, रात्रीच्या कपड्यांत, आरशासमोर शेजारी शेजारी उभे राहून दात घासताहेत. एक अवकाशयानावरचा शास्त्रज्ञ, दुसरा त्याच यानावरचा डॉक्टर. शास्त्रज्ञाने त्या दिवशी जिवावर बेतणारा प्रयोग स्वतःवरच करून घेतलाय आणि डॉक्टर त्याच्यावर चिडलाय, घरातलं माणूस चिडतं तसा. दृश्य एवढंच. 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'च्या पहिल्या पर्वातला हा पाचवा भाग ऑक्टोबर २०१७मध्ये आला. मूळ मालिका सुरू झाली सप्टेंबर १९६६मध्ये. प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या या यानाला न्हाणीघरातल्या आरशापर्यंत पोचायला ५१ वर्षं लागली.

हा उशीर खटकतो, कारण या मालिकेने धाडसाचा टिळा पहिल्यापासून कपाळी मिरवला आहे. व्हिएतनाम युद्ध आणि शीतयुद्ध चालू असताना तिने यानाच्या सुकाणूवर जपानी वंशाचा सुलू बसवला, शेजारी रशियन चेकॉव्ह बसवला. १९६८मध्ये कॅप्टन कर्क आणि कृष्णवर्णीय उहुरा यांचं चुंबन दाखवलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका पाहिलेल्या माझ्या पिढीला त्या चुंबनाचं महत्त्व कळण्याचं वय नव्हतं. पण त्या यानात सगळ्यांना जागा आहे, हे मात्र तेव्हाही कळत होतं. सगळ्यांना म्हणजे जवळजवळ सगळ्यांना. सुलू साकारणारे जॉर्ज टाकेई स्वतः समलिंगी होते आणि ते जाहीरपणे सांगायला त्यांना २००५ साल उजाडलं.

प्रेक्षकांनी मात्र कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नाही. सत्तरच्या दशकात चाहत्यांनी, त्यांतही मुख्यतः स्त्रियांनी, कर्क आणि त्याचा यानावरचा सहकारी स्पॉक यांच्या प्रेमकथा लिहून हौशी अंकांतून वाटायला सुरुवात केली. दोन नावांमधल्या तिरक्या रेघेमुळे त्या साहित्यप्रकाराला 'स्लॅश' हे नाव पडलं. पडद्यावर जे नव्हतं ते समासात लिहिलं जात होतं.

१९८७मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' सुरू झाली तेव्हा हे बदलण्याची संधी होती. मूळ मालिकेतली ट्रिबल्सची गाजलेली कथा लिहिणारे डेव्हिड जेरॉल्ड नव्या मालिकेच्या लेखकवर्गात होते. त्यांनी 'ब्लड अँड फायर' नावाची संहिता लिहिली. तीत रक्तातून पसरणाऱ्या एका संकटाच्या आडून एड्सच्या भीतीबद्दल बोलायचं होतं आणि यानावर दोन पुरुषांचं एक साधं जोडपं होतं. संहिता बासनात गेली आणि जेरॉल्ड मालिका सोडून गेले. काही शहरांत ही मालिका दुपारी, मुलं टीव्हीसमोर असताना लागते, अशी सबब पुढे आल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. सबब अगदीच खोटी नसावी. ही मालिका एका मोठ्या वाहिनीच्या छत्राखाली नव्हती. ती गावोगावच्या स्थानिक केंद्रांना थेट विकली जात होती, म्हणजे एका नव्हे तर शंभर दुकानदारांची मर्जी सांभाळायची होती. पुढे चाहत्यांनी आपल्या हौशी मालिकेसाठी तीच संहिता चित्रित केली आणि दिग्दर्शनाला खुद्द जेरॉल्डच उभे राहिले.

इथे मराठी वाचकाला एका तारखेची आठवण करून द्यावीशी वाटते. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१मध्ये रंगमंचावर आलं. स्त्रीवर प्रेम करणारी नायिका, रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत, आणि सगळं थेट, परग्रहाबिरग्रहाचा आडपडदा न ठेवता. अर्थात तेंडुलकरांच्या या नायिकेचाही शेवट मृत्यूतच होतो, त्यामुळे आपण फार कॉलर ताठ करू नये. पण चोविसाव्या शतकातल्या यानाला जे जमत नव्हतं, ते आपल्या नाट्यगृहात तिकीट लावून चाललं होतं.

जमत नव्हतं म्हणून 'स्टार ट्रेक'ने आपली आवडती ढाल पुढे केली: रूपक. १९९१च्या 'द होस्ट'मध्ये यानाची डॉक्टर बेव्हर्ली क्रशर ओडान नावाच्या परग्रहवासीयाच्या प्रेमात पडते. ओडान हा खरा तर दुसऱ्याच्या शरीरात राहणारा जीव. पुरुषाचं शरीर निकामी झाल्यावर त्याला अखेरीस स्त्रीचं शरीर मिळतं, प्रेम तेच राहतं आणि क्रशर माघार घेते. असे बदल पेलण्याची माणसाची कुवत नसेल कदाचित, असं काहीसं म्हणते. लेखकांनी आपला संकोच सगळ्या मानवजातीच्या खात्यावर टाकून दिला.

पुढच्याच वर्षीच्या 'द आउटकास्ट'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. जनाई नावाच्या समाजाला लिंगभेद मान्य नाही. त्यांच्यातल्या सोरेनला आपण स्त्री आहोत असं वाटतं, यानावरच्या रायकर या अधिकाऱ्यावर तिचं प्रेम बसतं, हा गुन्हा उघडकीला येतो आणि तिच्यावर 'उपचार' करून तिला बरं केलं जातं. शेवटी ती शांतपणे सांगते, आता तसं काही वाटत नाही. हा शेवट अंगावर येतो, कारण असे उपचार पृथ्वीवर खरोखर होत आले आहेत. पण या समाजातल्या सगळ्या भूमिका स्त्रियांना दिल्या होत्या. त्यामुळे पडद्यावर दिसतं ते एका पुरुषाचं आणि एका स्त्रीचं चुंबन, आणि अन्याय होतो तो जिला पुरुष आवडतो त्या स्त्रीवर. रायकर साकारणारे जोनाथन फ्रेक्स यांनी स्वतःच नंतर म्हटलं की सोरेन अधिक पुरुषी असायला हवी होती. प्रश्न मांडायचा आणि उत्तराची भीती वाटली की प्रश्नच उलटा करायचा, यातला हा प्रकार.

त्या भागात एक जागा मात्र मला फार आवडते. रायकर विचारतो, तुमच्यासाठी सर्वनाम कोणतं वापरू? सोरेन सांगते, आमच्याकडे आहे, पण त्याचं भाषांतर होत नाही. हा भाग मराठीत आणायचा ठरवला तर भाषांतरकाराचे हालच होतील. आपल्याकडे सर्वनाम सुटलं तरी क्रियापद पकडतं. 'मी आलो' म्हणा की 'मी आले', तोंड उघडताक्षणी माणूस कुठल्या तरी बाजूला उभं राहतं. वरच्या परिच्छेदात मीही सोरेनला सरळ 'ती' करून टाकलंच.

रूपक नेहमीच पळवाट असतं असं मात्र नाही. 'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन' या मालिकेतला १९९५चा 'रिजॉइन्ड' हा भाग त्याचा पुरावा. दिग्दर्शक एव्हरी ब्रुक्स. ओडानच्याच ट्रिल समाजात मागच्या जन्मातल्या जोडीदाराशी पुन्हा नातं जोडणं निषिद्ध आहे, शिक्षा हद्दपारीची. जॅड्झिया डॅक्स आणि लेनारा कान पूर्वी पती-पत्नी होते. आता दोघी स्त्रिया आहेत. साऱ्या भागात त्या दोघी स्त्रिया आहेत याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. चर्चा आहे ती दुसऱ्याच निषेधाची. चुंबन स्पष्ट आहे, वेदना खरी आहे आणि शेवटी लेनारा निघून जाते. इथे रूपक झाकण्याचं काम करत नाही. आपला निषेध त्या परक्या निषेधाइतकाच मनमानी आहे, हे ते न बोलता दाखवतं. पण याच मालिकेत समांतर विश्वातली किरा स्त्री-पुरुष दोघांवरही भाळते आणि ती खलनायिका आहे, हेही विसरू नये.

'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' आणि 'एंटरप्राइज' या दोन मालिकांची मिळून ११ पर्वं झाली, आणि उघडपणे समलिंगी असं एकही कायम पात्र त्यांत नाही. याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

दरम्यान इतर ठिकाणी काय चाललं होतं? 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये २००५ साली सरकारी वकील सेरेना साउदरलिनला नोकरीवरून काढतात आणि ती विचारते, मी लेस्बियन आहे म्हणून का? चार पर्वांत प्रेक्षकांना याचा पत्ता नव्हता. ओळख करून दिली ती निरोपाच्या क्षणी. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी 'डॉक्टर हू' पुन्हा सुरू केली आणि कॅप्टन जॅक हार्कनेस आणला, जो स्त्री, पुरुष, परग्रहवासी कोणाशीही तितक्याच उत्साहाने प्रेमाच्या गोष्टी करतो. शनिवारी संध्याकाळी, अख्खं कुटुंब पाहत असताना. बीबीसीला जाहिरातदारांची मनधरणी करावी लागत नव्हती, हे एक. आणि डेव्हिस स्वतः समलिंगी होते, त्यांना रूपकाची गरजच वाटली नाही, हे दुसरं.

'डिस्कव्हरी'च्या वेळी 'स्टार ट्रेक'चाही गल्ला बदलला होता. ती वर्गणी भरणाऱ्यांसाठीच्या स्ट्रीमिंगवर आली, भारतात नेटफ्लिक्सवर. सुरुवातीला दात घासताना दिसलेले शास्त्रज्ञ स्टॅमेट्स आणि डॉक्टर कल्बर यांच्या भूमिका अँथनी रॅप आणि विल्सन क्रूझ या दोन समलिंगी नटांनी केल्या. पण जुनी सवय सुटेना. जानेवारी २०१८मध्ये कल्बरची मान मोडून त्याला मारलं गेलं. समलिंगी पात्र रंगवायचं आणि मग पुरायचं, ही टीव्हीची जुनीच रीत. ओरड झाली, निर्मात्यांनी तातडीने धीर धरायला सांगितलं आणि दुसऱ्या पर्वात तो परत आला. २०२०मध्ये अदिरा आणि ग्रे आले. अदिरा नॉन-बायनरी, ग्रे पारलिंगी पुरुष. हेतू उत्तम, नटही योग्य निवडलेले, लिखाण मात्र मिळमिळीत. त्या दोघांशी सगळे इतके जपून वागतात की त्यांना धड चूक करायलाही मुभा मिळत नाही. पूर्वी पात्र नव्हतं, आता पात्राला दोष नाही. नाट्याच्या दृष्टीने दोन्ही तोट्याचंच.

राहता राहिला शिंपी. 'डीप स्पेस नाइन'मध्ये जानेवारी १९९३ला गॅरक नावाचा, कार्डॅशियन या परग्रही वंशाचा शिंपी तरुण डॉक्टर बशीरच्या टेबलापाशी येऊन बसतो आणि उठताना त्याच्या खांद्यांवर हात ठेवतो. नट अँड्र्यू रॉबिन्सन यांनी ती ओढ जाणून भूमिकेत घातली होती. लेखकांनी ती पुढे नेली नाही. डिसेंबर २०२४मध्ये 'लोअर डेक्स' या अ‍ॅनिमेशन मालिकेत गॅरक आणि बशीर अखेर विवाहित जोडपं म्हणून अवतरले, आवाज त्याच दोन नटांचे. मात्र तो गॅरक समांतर विश्वातला आहे आणि तो बशीर होलोग्राम.