क्रांतीचा वेग आणि चित्राचा संथपणा : दाव्हिदची नवअभिजात चित्रकला

फ्रेंच राज्यक्रांती आणि नवअभिजात चित्रशैली यांचे नाते झाक-लुई दाव्हिद (१७४८–१८२५) या चित्रकारामुळे इतके घट्ट मानले जाते की ही शैली क्रांतीच्याच पोटी जन्मली, असा समज रूढ झाला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. प्राचीन ग्रीक-रोमन कलेतील संयम, रेषेचा ठाशीवपणा आणि विषयाचे गांभीर्य यांना आदर्श मानणारी ही प्रवृत्ती हर्क्युलेनियम व पॉम्पेई येथील उत्खननांमुळे आणि विंकेलमान या जर्मन विद्वानाच्या लेखनामुळे १७८९ च्या बऱ्याच आधी युरोपभर पसरली होती. फ्रान्समध्ये तर तिला राजसत्तेचाच आश्रय होता. रोकोको शैलीतील नाजूक, शृंगारिक चित्रांऐवजी प्रजेला सद्गुण शिकवणारी इतिहासचित्रे निर्माण व्हावीत, हे सोळाव्या लुईच्या बांधकाम खात्याचे प्रमुख काउंट दांजिव्हिये यांचे धोरण होते, आणि दाव्हिदचे ‘होरेशियस बंधूंची शपथ’ हे चित्रही राजासाठीच रंगवले गेले.

रोममध्ये १७८४ साली पूर्ण झालेले हे चित्र पुढील वर्षी सालोंमध्ये, म्हणजे लूव्रमधील अधिकृत कलाप्रदर्शनात, मांडले गेले. त्यात तीन कमानी, तीन भाऊ, पित्याच्या हातात उंचावलेल्या तीन तलवारी आणि एका बाजूला शोकाने खचलेल्या स्त्रिया एवढेच आहे. पार्श्वभूमी रिकामी, रंग संयत, आणि कुंचल्याचा फटकारा कोठेही दिसू नये इतका पृष्ठभाग गुळगुळीत. या शैलीचे प्रचारमूल्य नेमके येथे आहे. चित्रकाराचा हात पुसला गेल्यामुळे त्याचे मत हे मत न वाटता सिद्ध झालेले सत्य वाटते, आणि पाहणाऱ्याला बाजू घेण्यावाचून पर्याय उरत नाही. कोणत्या सत्तेची बाजू, हे मात्र शैली ठरवत नाही.

क्रांती सुरू झाल्यावर या कलेपुढे अशी अडचण उभी राहिली, जिची रोमन विषय रंगवताना कल्पनाही आली नसती. २० जून १७८९ रोजी व्हर्सायच्या टेनिस कोर्टावर जमलेल्या प्रतिनिधींनी, राज्यघटना सिद्ध होईपर्यंत न पांगण्याची शपथ घेतली. त्या प्रसंगाच्या भव्य चित्राचे काम जॅकोबिन क्लब या राजकीय मंडळाच्या पुढाकाराने दाव्हिदकडे आले आणि त्याचे तपशीलवार रेखाचित्र १७९१ च्या सालोंमध्ये झळकले. परंतु वर्गणी पुरेशी जमली नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे चित्रातले नायकच बदलले. क्रांतीचा प्रभावी नेता मिराबो याचा राजाशी असलेला गुप्त व्यवहार त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आला. शपथ वाचून दाखवणारा बाईयी आणि तरुण वक्ता बार्नाव्ह यांना १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवले गेले. प्रचंड कॅनव्हासवर काही नग्न देहाकृती व मोजके चेहरे उमटले आणि काम कायमचे थांबले. नवअभिजात चित्राला आराखडे, अभ्यासचित्रे आणि महिनोन्‌महिने लागत, तर राजकारण आठवड्यागणिक मित्रांचे शत्रू करत होते.

ज्यांना आता पक्ष बदलणे शक्य नव्हते, अशांचीच चित्रे त्यामुळे पुरी होऊ शकली. राजाच्या मृत्युदंडाला मत देणारा ल पेलतिये २० जानेवारी १७९३ रोजी, तर पत्रकार-प्रतिनिधी मारा १३ जुलैला मारला गेला. दाव्हिद या वेळी स्वतः कन्व्हेन्शन या राष्ट्रीय सभेचा सदस्य होता, त्यानेही राजाच्या वधाला मत दिले होते, आणि दोन्ही हुतात्म्यांची त्याने काढलेली चित्रे त्या सभागृहातच टांगली गेली. ल पेलतियेचे चित्र पुढे नाहीसे झाले. ‘माराचा मृत्यू’ मात्र आज ब्रुसेल्सच्या संग्रहालयात आहे आणि प्रचारचित्राने गाठलेली ती सर्वोच्च उंची आहे, असे निःशंकपणे म्हणता येते. ज्या त्वचारोगामुळे मारा तासन्‌तास न्हाणीच्या टबात बसून लिहीत असे, त्याचे चिन्ह अंगावर नाही. त्याला मारणाऱ्या शार्लोत कोर्देने छातीत रुतवून ठेवलेला सुरा जमिनीवर आला आहे. मारेकरी स्वतः चित्रात नाही, आहे ते फक्त तिचे फसवे पत्र. शेजारच्या लाकडी खोक्यावर, पाच मुलांच्या विधवा आईसाठी ठेवलेली कागदी नोट आहे. खाली लोंबणारा हात ख्रिस्ताच्या शवाच्या चित्रांतून घेतलेला आहे, म्हणजे चर्चशी उघड झगडणाऱ्या राजवटीने भक्तीची जुनी सवय स्वतःच्या कामाला लावली. हे सारे खोटे आहे का? घटना म्हणून पाहिल्यास पुष्कळसे आहे. तरीही चित्राचा वरचा अर्धा भाग व्यापणारा तो रिकामा अंधार कोणत्याही घोषणेसाठी रंगवलेला वाटत नाही. तेथे खरे दुःख आहे, आणि प्रचारचित्रांत ते फार क्वचित आढळते.

दाव्हिद ज्याचा समर्थक होता, त्या जॅकोबिन नेत्या रोबेस्पियरच्या पतनानंतर दाव्हिदला तुरुंगवास घडला, आणि काही वर्षांतच त्याची तीच सफाईदार रेषा नेपोलियनच्या सेवेत रुजू झाली. खेचरावरून आल्प्स ओलांडणारा सेनानी उधळलेल्या घोड्यावर आरूढ झाला. १८०४ च्या राज्याभिषेकाला गैरहजर राहिलेली त्याची आई १८०७ मध्ये पूर्ण झालेल्या अवाढव्य चित्रात मध्यवर्ती सज्जात बसलेली दिसते. मखमल, जर आणि चेहरे यांच्या रंगकामात तेथे उणीव नाही. परंतु माराच्या चित्रात जे गाळले गेले ते श्रद्धेपोटी, आणि येथे जे घातले गेले ते मालकाच्या सोयीसाठी, हा भेद सुमारे दहा मीटर रुंदीच्या त्या वैभवालाही झाकता आलेला नाही.